कोंबडीची चोच कात्रीसारखी झालीय, ठेवावी का आखाडात काढावी?

पूर्णाकाठची
मंडळी, आधीच सांगते, प्रश्न एका कोंबडीचा आहे, हसायचं नाही.

आमचं घर परभणी जिल्ह्यात, पूर्णेच्या काठाला. परसात चौदा कोंबड्या. एप्रिलच्या शेवटी एक गावरान कोंबडी खुडूक झाली म्हणून तिच्याखाली बारा अंडी ठेवली, नऊ फुटली. पिल्लं सगळी सारखीच दिसत होती. तिसऱ्या आठवड्यात एकाची वरची चोच जराशी डावीकडं सरकल्यासारखी वाटली. मला वाटलं चिखल लागलाय, ओल्या फडक्यानं पुसली. चिखल नव्हता.

आता ती सात आठवड्यांची आहे. वरची चोच डावीकडं, खालची उजवीकडं, मधून उजेड दिसतो. ज्वारी टाकली की बाकीच्या पटापट टिपतात. ही टिपायला जाते, दाणा बाजूला उडतो, परत जाते, परत उडतो. बघवत नाही. काल घरच्या काट्यावर तोलली तर ३८० ग्रॅम भरली. तिच्या बहिणी ६०० च्या आसपास आहेत.

सासूबाई म्हणतात आखाड आलाच आहे, कशाला जीव लावतीस. नवरा म्हणतो आण नेलकटर. मी अजून दोघांचंही ऐकलेलं नाही. कुणी अशी कोंबडी जगवली आहे का? चोच कापता येते का? आणि हे होतं कशानं?

खुडूक
३८० ग्रॅमची कोंबडी कापून किती पानं उठणार ते सासूबाईंना विचारा. रश्श्यात बॅटरी घेऊन शोधावी लागेल.

बालाघाटी
ताई, राग मानू नका. आमच्याकडं माझ्या आज्यापासून कोंबड्या हायत. वाकड्या चोचीचं पिल्लू दोन-तीन सालाआड एखादं निघतंच. मोठं व्हतंय तसं जास्त वाकडं व्हतंय. उपाशी ठेवून हाल करण्यापेक्षा मोकळं केलेलं बरं, हे माझं मत.

दुसरं, एप्रिलात कोंबडी बसवत्यात व्हय? आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो. कोंबडी अंड्यावरून उठती, सावली धरती, तोंड वासून बसती. अंडी पत्र्याखाली भाजत्यात. त्यातून निघालेली पिल्लं एक तर लंगडी न्हाईतर अशी. थंडीत बसवा, न्हाईतर दोन पाऊस पडल्यावर.

पूर्णाकाठची
काका, मी कुठं बसवली, ती आपणहून बसली. चार वेळा पाण्यात बुडवून काढली तरी तिचं खूळ जाईना.

खुडूक
माझ्या नावानं चर्चा चाललीय, मी फक्त ऐकतोय.

तेरणा
बालाघाटी काकांशी अर्धी सहमत, अर्धी नाही. माझ्याकडं अशीच एक होती, चार वर्षं जगली. बाकीच्यांइतकी अंडी दिली नाहीत, पण दिली.

पूर्णाकाठची, तुमच्या कोंबडीला भूक आहे, टिपायची धडपड आहे, म्हणजे तिनं हार मानलेली नाही. फक्त दाणा हे तिचं खाणं नाही. चोचीची टोकं जुळतात तेव्हा चिमटा होतो, तेव्हाच दाणा उचलता येतो. हिला चिमटा नाही, हिला पळी आहे. मग पळीनं खाता येईल असं द्यायचं. मी मक्याचा भरडा आणि सोयाबीनची पेंड ताकात कालवून द्यायचे, भज्याच्या पिठाइतकं सैल. उथळ ताटलीत नाही, खोलगट भांड्यात, म्हणजे ती चोच पूर्ण बुडवून खालच्या चोचीनं उपसून घेते. पाणीसुद्धा खोलगट भांड्यातच, उथळ ताटलीतलं तिला नीट उचलता येत नाही. भांडं जमिनीवर ठेवू नका, तिच्या पाठीच्या उंचीला येईल असं विटेवर ठेवा. मान खाली घातली की सगळं चोचीच्या फटीतून बाहेर गळतं.

आणि खाताना एकटी ठेवा. बाकीच्यांना तो कालवा दिसला की सात मिनिटांत भांडं साफ. मी डालग्याखाली ठेवायचे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास.

एकच सांगते, उन्हाळ्यात ओलं खाद्य दोन तासांत आंबतं. उरलेलं दुपारी परत द्यायचं नाही. मी एकदा कंजूषपणा केला आणि ती चार दिवस ढाळली.

जालन्याची_लेक
सध्या पुण्यात फ्लॅटमध्ये असते, कोंबड्या नाहीत, पण प्रश्न आहे. माणसांच्या दातांना तार लावतात तसं चोचीला काही लावून सरळ करता येत नाही का?

खुडूक
जालन्याची सळई लावा. शहराचं नाव आहे त्यात.

गोदातीर
हसू नका हो तिला, मी हे करून बघितलंय. औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी घेऊन पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या चोचीला गुंडाळली. त्यानं पायानं ओरबाडून दहा मिनिटांत काढली आणि डोळ्याजवळची कातडी सोलून घेतली. त्या दिवसापासून बंद.

माझा अनुभव जरा वेगळा आहे. मी नांदेडकडच्या एका लेअर फार्मवरून बाद झालेल्या वीस कोंबड्या आणल्या होत्या, स्वस्तात मिळाल्या. त्यांच्या चोची लहानपणीच तापल्या पात्यानं कापलेल्या असतात, एकमेकींना टोचू नये म्हणून. काहींची वरची चोच आखूड, खालची पुढं आलेली, फावड्यासारखी. एकीची तर वरची वाढून परत वाकडी झालेली. पहिल्यांदा मला वाटलं आजारी माल गळ्यात मारला. पण त्या मोकळ्या सोडल्या, शेडच्या बाहेर खडकाळ जागा आहे तिथं, आणि दोन महिन्यांत बऱ्याचशा चोची आपसूक घासून बऱ्या झाल्या. लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या कोंबड्यांच्या चोची झिजत नाहीत, हे तेव्हा कळलं. तुमची कोंबडी कुठं असते दिवसभर?

पूर्णाकाठची
जाळीत. मोकळी सोडली तर कुत्री आहेत. खाली भाताचा भुसा टाकलाय.

डॉक्टर_गुरांचे
धागा आजच बघितला. मी पशुवैद्य आहे, लातूर भागात काम करतो. कोंबडी न बघता औषध सांगणार नाही, पण दोन-तीन गोष्टी स्पष्ट केल्या तर तुम्हाला ठरवायला सोपं जाईल.

वाकडी चोच म्हणजे एकच रोग नव्हे. दोन प्रकार वेगळे करा. कोंबडी समोर धरा, चोच हलकेच बंद करा आणि नाकपुड्या व दोन्ही डोळे बघा. नाकपुड्या एका रेषेत असतील आणि नुसती टोकं वाढून एकमेकांवरून गेली असतील तर ती वाढ आहे, नखासारखी. गोदातीर म्हणतात तसं, झीज कमी पडली की होतं. ती घासून पुष्कळ सुधारते. पण चोच मुळापासूनच तिरकी निघाली असेल, कपाळच एका बाजूला झुकल्यासारखं दिसत असेल, तर हाड वाकडं आहे. ते घासून सरळ होत नाही. तिथं घासायचं ते फक्त तिला खाता यावं म्हणून, आणि जन्मभर. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो, कारण तिसऱ्या आठवड्यापासून वाढत गेलाय.

कारणं: आनुवंशिक असू शकतं. अंड्यात डोकं चुकीच्या स्थितीत राहिलं तरी होतं. उबवताना तापमान बिघडलं तरी होतं, बालाघाटी काकांचा मुद्दा त्या अर्थी बरोबर आहे. आणि आईच्या खाद्यात काही कमी असेल तरी होतं. मँगेनीज आणि बायोटिन कमी पडलं तर अंड्यातल्या पिल्लाची चोच पोपटासारखी आखूड-वाकडी होते, हे पुस्तकातलं आहे. आता आपल्या भागातली गोष्ट. ज्वारीत बायोटिन असतं, पण कोंबडीला त्यातलं फार थोडं मिळतं, गव्हाचं तर त्याहून कमी. मक्यातलं आणि सोयाबीनच्या पेंडीतलं चांगलं मिळतं. नुसत्या ज्वारीवर कोंबड्या बंद जाळीत ठेवल्या तर त्यांच्या अंड्यांवर त्याचा परिणाम दिसू शकतो.

टेपचा विषय: अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही दिवसांत चोच मऊ असते तेव्हा क्वचित काही करता येतं, तेही जाणत्याकडून. सात आठवड्यांना नाही.

बालाघाटी
डॉक्टर, ज्वारीला नावं ठेवायची न्हाईत. आमच्या सात पिढ्या माणसं आणि कोंबड्या दगडी ज्वारीवर जगल्या. एकाचीबी चोच वाकडी न्हाई झाली. बरं, झाली आसंल तर दोन-तीन सालाआड, वर म्याच लिवलंय.

डॉक्टर_गुरांचे
काका, तुमच्या आज्याची कोंबडी ज्वारी खायची आणि दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, बांधावर चरायची. किडे, अळ्या, शेण, पाला सगळं तिच्या पोटात जायचं. कमी पडलेलं ती स्वतः शोधून आणायची. जाळीतली कोंबडी तुम्ही टाकाल तेवढंच खाते. दोष ज्वारीचा नाही, जाळीचा आहे.

बालाघाटी
ह्ये पटलं.

लातूरचं_पाणी
मग आता मी माझी चूक कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि पंखा लावून घरचं उबवणी यंत्र केलं. चाळीस अंडी, बावीस पिल्लं, त्यातली तीन वाकड्या चोचीची आणि एकाला डावा डोळाच नाही. मी कोंबड्याला दोष देऊन तो कोंबडा विकून टाकला. नंतर लक्षात आलं, थर्मामीटर मी झाकणाला वर चिकटवला होता आणि अंडी खाली होती. वर ३७.५ दाखवायचा, खाली किती होतं देव जाणे. त्यात लाइट दिवसातून तीनदा जायची. शिवाय अंडी फिरवायची आठवण मला दुपारी यायची, आणि दुपारी मी झोपलेला असायचो. १८ व्या दिवसापर्यंत अंडी फिरवावी लागतात हे २१ व्या दिवशी वाचलं.

तो कोंबडा मात्र बिचारा निर्दोष गेला.

किनवटचा_सागवान
उलट वाकड्या चोचीनं आमचा कोंबडा वाचला. नवसाचा कोंबडा म्हणून आजीनं एक तांबडा वाढवला होता. चार महिन्यांनी चोच सरकलेली दिसली. आजी म्हणाली, खोड असलेला देवाला चालत नाही. मग दुसरा आणला. तांबडा सहा वर्षं अंगणात मिरवला, पहाटे तीनला आरवायचा. त्याचं आरवणंसुद्धा वाकडं होतं, शेवटचा सूर भलतीकडंच जायचा.

खुडूक
म्हणजे सरळ चोचीच्या कोंबड्यांनी आता काय समजायचं?

जालन्याची_लेक
मला हा धागा आता कोंबडी नसताना आवडायला लागलाय. डॉक्टर, चोच कापली तर दुखतं का? नखासारखीच ना ती?

डॉक्टर_गुरांचे
टोक नखासारखं, मूळ नाही. आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत. म्हणून गरम सळईनं चोच डागायचा जो प्रकार खेड्यात कुणी कुणी करतं, तो करू नका.

घासायची पद्धत सांगतो. संध्याकाळी अंधार पडताना कोंबडी शांत असते, तेव्हा घ्या. टॉवेलात गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर. छाती आवळून धरू नका. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो, ती छातीचं हाड वरखाली करून श्वास घेते, छाती दाबली तर गुदमरून हातातच जाते. मोबाइलची बॅटरी चोचीच्या मागून धरा. आत जिथवर गुलाबी-लालसर दिसतं तिथवर जिवंत भाग. त्याच्या पुढचं फिकट टोक तेवढंच घासायचं. नखं घासायची कागदी पट्टी किंवा सुताराची बारीक कानस चालते. कापायचंच असेल तर कुत्र्याचं नख कापायचं कटर, आणि केसभर केसभर. आपलं नेलकटर दाबून कापतं, त्यानं चोच उभी चिरते. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरा. दोन-तीन आठवड्यांनी परत बघायचं. एका दिवसात चोच सुंदर करायला जाऊ नका.

जाळीत एक खरबरीत वीट किंवा पाट्याचा तुकडा ठेवा आणि कालवा त्यावर थापा. खाता खाता घासली जाते.

तेरणा
डॉक्टर, उवांचं सांगायचं राहिलं. ज्या कोंबडीला चोचीनं पिसं साफ करता येत नाहीत तिच्या अंगावर उवा होतात. माझीच्या पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी नुसत्या वळवळायच्या. राखेत लोळायला जागा द्या, आणि आठवड्यातून एकदा पंख उचलून बघा.

गोदातीर
एक शंका. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या होत्या, तेव्हापासून आमच्याकडं कोंबडीचं काहीही वाकडं दिसलं की लोक घाबरतात. शेजारी म्हणतो वाकडी चोच म्हणजे तोच रोग.

डॉक्टर_गुरांचे
नाही. बर्ड फ्लूत कोंबड्या पटापट, एकामागून एक मरतात, तोंड सुजतं, तुरा निळा पडतो. तसं दिसलं तर हात न लावता लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. हळूहळू आठवड्यांत वाकडी होत गेलेली चोच संसर्गाची नाही, बाकीच्यांना लागत नाही. कोंबड्यांच्या देवी रोगाच्या खपल्या चोचीच्या कोपऱ्यावर येतात, त्या वेगळ्या, त्यांचा आणि हाडाचा संबंध नाही. आणि बारीक दळलेलं कोरडं खाद्य काही कोंबड्यांच्या खालच्या चोचीत चिकटून साचतं, तिथं कुजतं आणि चोच बिघडते. म्हणून सरसकट पीठ देऊ नका, भरडा द्या. ओला कालवा दिल्यावरही चोचीची आतली बाजू रोज पुसा.

बालाघाटी
समदं खरं. पण रोज टॉवेल, रोज कालवा, रोज पुसापुशी. शेतात काम आसलेल्या बाईनं ह्ये किती दिस करावं? पन्नास कोंबड्या आसत्या तर कुणी केलं असतं का? चौदा हायत म्हणून हौस. मी म्हातारा हाय, पण एवढं इचारतो.

तेरणा
काका, तुमचा प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडं चाळीस होत्या तेव्हा तिसऱ्या वाकडीला मीच मोकळं केलं, कारण ती चोच बुडवूनही खाईना आणि छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागायला लागलं. ठेवायची का नाही ते चोच बघून नाही, हाड बघून ठरवा. पूर्णाकाठची, दर आठ दिवसांनी तोला. वजन पुढं सरकत असेल तर ठेवा. दोन आठवडे कालवा खाऊनही मागं येत असेल तर काकांचं ऐका.

डॉक्टर_गुरांचे
शंभर टक्के. आणि काहीही झालं तरी तिची अंडी उबवायला ठेवू नका. खायला हरकत नाही.

लातूरचं_पाणी
२०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आई भांडी धुतलेलं पाणी कोंबड्यांना जपून ठेवायची. माणसं रांगेत आणि कोंबड्या घागरीपाशी. उगाच आठवलं. विषयाशी संबंध नाही.

खुडूक
या धाग्यावर संबंध कुणी विचारलाय.

पूर्णाकाठची
सगळ्यांचे आभार. दीड महिना काही लिहिलं नाही, कारण आधी चांगलं सांगण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी माझ्या आधी नवऱ्यानं नेलकटर चालवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, चोच उभी चिरली, रक्त आलं. तुरटी न्हाणीघरात सापडेना, शेवटी हळद दाबली. ती दोन दिवस कोपऱ्यात बसून. नवरा आता खुराड्याकडं फिरकत नाही.

चौथ्या दिवसापासून कालवा सुरू केला. पहिल्या आठवड्यात ३८० ची ३६५ झाली, मी काकांची पोस्ट तीनदा वाचली. दुसऱ्या आठवड्यात ४३०. परवा ८२० भरली, बहिणी अकराशेच्या पुढं आहेत. कपाळ बघितलं, डॉक्टर, झुकलेलंच आहे, म्हणजे चोच सरळ होणार नाही हे कळलं. दर तिसऱ्या रविवारी पट्टीनं घासते. उवा होत्या, राख टाकली. जाळीतला भुसा निम्म्या भागातून काढून तिथं मुरूम पसरला. बाकीच्यांनाही ज्वारीच्या जोडीला मक्याचा भरडा आणि सोयाबीनची पेंड सुरू केलीय, आणि शेवग्याचा पाला.

आखाड गेला. सासूबाई म्हणतात पुढचा आहेच.

बालाघाटी
८२० लई झालं. चांगलं केलं ताई.

तेरणा
भांडं कोणतं वापरता? मी पितळी गडवा वापरायचे, पण तो उलथायचा.

पूर्णाकाठची
श्रीखंडाचा रिकामा डबा. दोन विटांच्या मधे घट्ट बसवलाय.

जालन्याची_लेक
अर्ध्या किलोचा का एक किलोचा? सुट्टीत गावी जाते तेव्हा काकूला सांगते, तिच्याकडंही एक आहे.

पूर्णाकाठची
अर्ध्या किलोचा. एक किलोच्या डब्यात ती डोकं घालून बसते आणि बाहेर काढत नाही.